पुण्यात आफ्रिकी विद्यार्थ्यांसाठी केंद्र चालवायचं तर: आधी प्रिंटर, मग जेंबे

पहिल्या वर्षी आम्ही सगळ्यांत आधी जेंबे, म्हणजे पश्चिम आफ्रिकेतला हातानं वाजवायचा ढोल, घेतला. प्रिंटर दुसऱ्या वर्षी आला. आज कुणी विचारलं तर सांगेन, उलटं करा. ढोल कुणाकडूनही मागून आणता येतो. रात्री साडेनऊला रडवेल्या आवाजात ‘आंटी, उद्या शेवटची तारीख आहे’ म्हणणाऱ्या मुलीला सात कागदांच्या प्रती काढून द्यायला मात्र घरचाच प्रिंटर लागतो.

कोंढवा, उंड्री, पिसोळी, विमाननगर या भागांत राहणाऱ्यांना आफ्रिकी मुलं नवीन नाहीत. सुदान, नायजेरिया, टांझानिया, केनिया, इथिओपिया, सोमालिया अशा देशांतून ती शिकायला येतात. कुणी भारतीय सांस्कृतिक संबंध परिषदेच्या म्हणजे आयसीसीआरच्या शिष्यवृत्तीवर येतं, बाकीची बापाच्या पैशावर. काही कुटुंबंही आहेत. त्यांच्यासाठी आठवड्यातून काही तास चालणारी एक जागा उभी करायची असेल तर काय करावं, आणि मुख्य म्हणजे कशाच्या आधी काय करावं, ते आमच्या चुकांसकट लिहिते आहे.

पायरी १: ‘आफ्रिकी’ कोण ते नीट विचारा

आफ्रिकेत ५४ देश आहेत. सुदानी मुलगा घरी अरबी बोलतो, टांझानियाची मुलगी स्वाहिली, इथिओपियाचा अम्हारिक किंवा ओरोमो. काँगोच्या मुलाची शाळा फ्रेंचमध्ये झालेली, मोझांबिकच्याची पोर्तुगीजमध्ये. या सगळ्यांना एकाच बैठकीत बसवून ‘तुमची संस्कृती सांगा’ म्हणणं म्हणजे केरळ, मणिपूर आणि कोल्हापूरच्या मुलांना ‘भारतीय नाच करून दाखवा’ म्हणण्यासारखं आहे. पहिले दोन महिने नुसती वही ठेवा. त्यात देश, भाषा, कोर्स, व्हिसा संपण्याची तारीख आणि अडचणीच्या वेळी कुणाला फोन करायचा, एवढंच लिहा. जात, धर्म, जमात विचारू नका. सांगायचं असेल ते जेवताना आपोआप सांगतात.

नावांपाशी थोडं थांबा, कारण निम्मे सरकारी घोळ तिथेच होतात. इथिओपियात आडनाव नसतं. स्वतःचं नाव, मग वडिलांचं, मग आजोबांचं. आपल्याला ही पद्धत लगेच कळायला हवी, कारण आपलं मधलं नाव वडिलांचंच असतं. पण फॉर्मवर ‘आडनाव’ असा रकाना आला की मुलं कधी वडिलांचं नाव टाकतात, कधी आजोबांचं, आणि कॉलेजच्या दाखल्यावरचं नाव पासपोर्टशी जुळत नाही. नियम एकच ठेवा: पासपोर्टावर जसं आहे तसं, अक्षर न् अक्षर. इथिओपियाच्या शालेय कागदांवर तारीखही तपासा. त्यांचं कॅलेंडर आपल्यापेक्षा ७ ते ८ वर्षांनी मागे आणि महिने १३. एका मुलाचं बारावीचं वर्ष पाहून कारकुनानं त्याला ‘खोटं सर्टिफिकेट’ म्हटलं होतं.

घानामध्ये जन्मवारावरून नाव ठेवतात. शुक्रवारचा तो कोफी, शनिवारचा क्वामे. हे सांगितल्यावर आमच्याकडे झाडलोट करणाऱ्या मावशी म्हणाल्या, ‘मग काय, आमच्या गावात बुधा आणि मंगळ्या नाहीत का!’ त्या दिवसापासून घानाचा तो मुलगा त्यांचा ‘शुक्र्या’ झाला.

पायरी २: जागेच्या आधी वार ठरवा

इमारतीची स्वप्नं बाजूला ठेवा. एखादं वाचनालय, चर्चचा हॉल, क्लासची रिकामी खोली, यातलं जे मिळेल ते आठवड्यातून एक संध्याकाळ आणि रविवारची दुपार असं मागा. वार बदलू नका. पाऊस असो, गणपती असोत, मंगळवारी सहा ते नऊ दार उघडं म्हणजे उघडं. मुलांच्या ओळखी दर वर्षी बदलतात, पण ‘मंगळवारी तिथे कुणीतरी असतं’ ही माहिती जुन्यांकडून नव्यांकडे आपोआप जाते.

सोसायटीचा हॉल शक्यतो टाळा. एखाद्या तक्रारीवरून तो कधी बंद होईल सांगता येत नाही. रस्त्यालगतची, बसथांब्याजवळची, खाली पार्किंग असलेली जागा बरी. रात्री दहानंतर लाउडस्पीकर नाही हा कायदा सगळ्यांनाच आहे. आम्ही ढोल साडेआठलाच खाली ठेवतो, म्हणजे बोट दाखवायला जागा उरत नाही.

पायरी ३: नोंदणी, आणि दानपेटीची गोष्ट

पहिलं वर्ष नोंदणीशिवाय, मित्रमंडळ म्हणून काढा. टिकतंय असं दिसलं की १८६० च्या सोसायटी कायद्याखाली किमान ७ सभासदांनी संस्था नोंदवा. महाराष्ट्रात त्याच ओघात १९५० च्या सार्वजनिक न्यास कायद्याखालीही धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी करावी लागते. पदाधिकारी भारतीय ठेवा. विद्यार्थी व्हिसावरच्या मुलांना विश्वस्त करून त्यांचा व्हिसा धोक्यात घालू नका. त्यांची वेगळी समिती करा आणि कार्यक्रम, जेवण, वेळा हे सगळं तिच्याकडे सोपवा. शोभेची समिती मुलं दोन बैठकांत ओळखतात.

आता पैसा. आम्ही हौसेनं दारात दानपेटी ठेवली होती. हिशोब बघायला आलेल्या सीएनं ती पाहिली आणि म्हणाला, ‘काकू, ही आधी उचला.’ परदेशी देणग्यांच्या २०१० च्या कायद्यात, ज्याला सगळे एफसीआरए म्हणतात, परदेशी नागरिक हा ‘परदेशी स्रोत’ असतो. तो पुण्यात राहतो, रुपयांत देतो, यानं फरक पडत नाही. म्हणजे केनियाच्या मुलीनं पेटीत टाकलेले शंभर रुपये ही परदेशी देणगी, आणि एफसीआरए नोंदणी नसेल तर ती घेणं हा गुन्हा. आफ्रिकी मुलांसाठी चालवलेल्या केंद्राला आफ्रिकी मुलांकडूनच वर्गणी घेता येत नाही! ही नोंदणी लगेच मिळतही नाही. साधारण तीन वर्षांचं काम आणि त्या तीन वर्षांत किमान १५ लाखांचा खर्च दाखवावा लागतो, आणि मिळाली तरी खातं दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतच उघडावं लागतं.

यावर आमचा तोडगा साधा आहे. वर्गणी फक्त भारतीयांकडून, पावतीसह. सहलीच्या बसचे पैसे मुलं थेट बसवाल्याला देतात, जेवणाचा किराणा आपापसांत आणतात. संस्थेच्या खात्याला त्यातला एक रुपया शिवत नाही. दिलेल्या सेवेची फी कायद्यात देणगी धरत नाहीत, पण ती वाट आपल्या सीएला विचारल्याशिवाय धरू नका.

पायरी ४: कागदांचं टेबल

केंद्राचा खरा गाभारा हाच. एक टेबल, एक लॅपटॉप, प्रिंटर, स्टेपलर, पासपोर्ट साइज फोटो कापायची कात्री आणि भिंतीवर मोठं कॅलेंडर.

१८० दिवसांपेक्षा जास्त मुदतीच्या विद्यार्थी व्हिसावर आलेल्यानं भारतात उतरल्यापासून १४ दिवसांत नोंदणी करायची असते. अर्ज ई-एफआरआरओ या परदेशी नागरिकांच्या नोंदणीच्या सरकारी संकेतस्थळावर होतो, शहरात काम पोलिसांच्या परदेशी नोंदणी शाखेकडे असतं आणि मुलं तिला नुसतं ‘एफआरओ’ म्हणतात. लागणारे कागद: पासपोर्ट, व्हिसा, उतरल्याचा शिक्का, फोटो, कॉलेजचं बोनाफाइड आणि राहत्या पत्त्याचा पुरावा. शेवटचे दोन कागद इथे तयार व्हायचे असतात, आणि १४ दिवस त्यातच जातात. कॉलेज म्हणतं फी भरल्याशिवाय बोनाफाइड नाही. घरमालक म्हणतो करार नंतर बघू. म्हणून मूल विमानात बसायच्या आधी कॉलेजच्या परदेशी विद्यार्थी कक्षाशी बोलून ठेवा.

पत्ता बदलला तर कळवायचं. कॉलेज बदलायचं असेल तर आधी परवानगी. मुदतवाढीचा अर्ज व्हिसा संपायच्या आत करायचा. संपल्यावर ‘विसरलो’ म्हटलं तर दंड बसतो आणि देश सोडण्यासाठीही परवाना काढावा लागतो. आम्ही भिंतीवरच्या कॅलेंडरवर प्रत्येकाच्या व्हिसाच्या तारखेच्या ६० दिवस आधी लाल टिंब काढतो. नाव लिहीत नाही, वहीतला क्रमांक लिहितो.

विद्यार्थी व्हिसावर नोकरी करता येत नाही, अर्धवेळही नाही. हे पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगा. २०२३ मध्ये नायजेरियाचं चलन नायरा कोसळलं तेव्हा घरून येणारे पैसे डॉलरच्या हिशोबात निम्मे झाले. त्याच वर्षी १५ एप्रिलला सुदानमध्ये युद्ध पेटलं आणि खार्टूममधल्या बापांचे फोनच बंद झाले. अशा वेळी मुलं कॉल सेंटरपासून कपड्यांच्या दुकानापर्यंत काहीही करायला तयार होतात. त्यांना रागावून उपयोग नाही. कॉलेजकडे फीच्या हप्त्यासाठी लेखी अर्ज करा, दूतावासाला पत्र पाठवा. आमच्या अनुभवात लेखी अर्जाला निदान लेखी उत्तर येतं.

१ सप्टेंबर २०२५ पासून १९४६ चा परदेशी नागरिक कायदा जाऊन नवा इमिग्रेशन आणि परदेशी नागरिक कायदा लागू झाला. जुन्या बॅचनं करून ठेवलेल्या ‘काय काय लागतं’च्या याद्या त्यामुळे फेकून द्या आणि दर वेळी संकेतस्थळावर ताजं वाचा.

आमचा एक नियम मोडायचा नाही असा आहे. कुणाचाही पासपोर्ट ठेवून घ्यायचा नाही, एका रात्रीसाठीसुद्धा नाही. स्कॅन करा, लगेच हातात परत द्या. आणि ते स्कॅन व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकणाऱ्या उत्साही स्वयंसेवकाला टेबलावरून उठवा.

पायरी ५: घरमालकाला भेटायला जा

फोनवर घर मिळत नाही. ‘मुलं चांगली असतील हो, पण सोसायटी नाही म्हणते’ हे वाक्य मी किती वेळा ऐकलं त्याची मोजदाद नाही. मुलीला घेऊन समक्ष जा. एकदा योरुबा घरातली एक नायजेरियन मुलगी मालकीणबाईंसमोर उभी राहिली आणि पटकन गुडघे टेकून खाली वाकली. त्यांच्याकडे मोठ्यांना असाच नमस्कार करतात, मुलगे तर पार जमिनीवर आडवे होतात. बाई गोंधळल्या, मग त्यांनी सवयीनं तिच्या डोक्यावर हात ठेवला. पुढचं बोलणं चहावर झालं. डिपॉझिट मात्र एका रुपयानं कमी केलं नाही.

मालकाला खरी भीती असते पोलिसांची. तिथे कागद काढा. परदेशी माणूस राहायला आल्याची माहिती २४ तासांत ऑनलाइन द्यावी लागते, ज्याला सगळे अजून ‘फॉर्म सी’ म्हणतात. ती कशी भरायची ते मालकाच्या शेजारी बसून दाखवा. एकदा त्याचं खातं उघडलं की पुढचा भाडेकरू दहा मिनिटांचं काम. मुलाकडे आधार नसल्यानं ऑनलाइन भाडेकरार अडतो. मग दुय्यम निबंधक कार्यालयात जाऊन करार नोंदवा, आणि एक दिवस जाणार हे दोघांनाही आधीच सांगा.

मुलांनाही काही गोष्टी सांगाव्या लागतात: जिन्यात मोठ्यानं फोनवर बोलू नका, गच्चीवर पार्टी नको, कचरा ओला-सुका वेगळा. यातली एकही गोष्ट फक्त आफ्रिकी मुलांना लागू नाही, हेही मालकासमोरच म्हणा.

पायरी ६: दवाखाना, पोलीस, मरण

चालत जाता येईल अशा अंतरावरचा एक डॉक्टर आणि एक वकील आधीच बोलून ठेवा.

पश्चिम आफ्रिकेतल्या मुलांमध्ये सिकल सेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे रुग्ण असतात. त्यांना अचानक असह्य वेदना होतात, तेव्हा सलाइन आणि चांगलं वेदनाशामक लगेच लागतं. एका खासगी रुग्णालयात रात्री दोन वाजता आमच्या मुलाला ‘हा नशेसाठी इंजेक्शन मागतोय’ म्हणून तासभर बाकावर बसवून ठेवलं. सिकल सेल आपल्याला परका आजार नाही. नंदुरबारच्या आणि गडचिरोलीच्या डॉक्टरांना विचारा. तेव्हापासून अशा प्रत्येक मुलाच्या पाकिटात निदान, रक्तगट आणि नेहमीची औषधं लिहिलेलं डॉक्टरच्या सहीचं कार्ड असतं, इंग्रजीत आणि मराठीत.

पोलिसांनी कुणाला नेलं तर आरडाओरड न करता तीन गोष्टी मागा. वकील. २४ तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यासमोर हजर करणं, जे घटनेच्या २२व्या कलमानं परदेशी माणसालाही मिळतं. आणि दूतावासाला कळवणं, तो १९६३ च्या व्हिएन्ना करारातला हक्क आहे. कोठडीतल्या माणसाला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो. मुलानं खरंच काही केलं असेल तर ते लपवायला केंद्र नाही, हेही समितीनं आधीच ठरवून ठेवलेलं बरं. २०१७ मध्ये ग्रेटर नोएडात आफ्रिकी विद्यार्थ्यांवर जमावानं हल्ले केले, तेव्हा इथलीही मुलं आठवडाभर संध्याकाळची बाहेर पडत नव्हती. त्या आठवड्यात आम्ही काहीही भाषण केलं नाही. फक्त रोज दार उघडं ठेवलं आणि मुलांना घरापर्यंत सोडायला दोन गाड्या ठेवल्या.

मरणाचंही लिहायला हवं. परदेशी विद्यार्थी वारला तर मृत्यूचा दाखला, पोलिसांचं ना-हरकत पत्र, शवलेपनाचं प्रमाणपत्र, रद्द केलेला पासपोर्ट, दूतावासाचं पत्र आणि विमान कंपनीचं कार्गो, या सगळ्यांतून जावं लागतं. बहुतेक दूतावास दिल्लीत. या कामांचा एक पानी तक्ता करून कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवा. आम्हाला तो एकदाच लागला. तो लागण्याच्या आधी केलेला नव्हता.

पायरी ७: रविवारची वेणी

आसपासच्या सलूनमध्ये या केसांना हात लावायला घाबरतात. म्हणून रविवारी दुपारी आम्ही चार खुर्च्या आणि एक मोठा आरसा ठेवतो, बाकी सगळं मुली करतात. बारीक वेण्यांचं डोकं पूर्ण व्हायला पाच-सहा तास लागतात. एकीचं डोकं दुसरीच्या मांडीशी, बोटं चाललेली. समुपदेशक बोलावून, खुर्च्या गोल मांडून जे कुणी बोललं नाही ते इथे बोललं जातं: कुणाचा छळ होतोय, कोण नापास झालंय, कोण दोन दिवस जेवलेलं नाही. स्वयंसेविकेनं तिथे बसून फक्त रबरं आणि कंगवे पुढे करायचे. वहीत काही लिहायचं नाही.

पायरी ८: सण आणि चूल

आफ्रिका दिन २५ मे. १९६३ मध्ये त्या दिवशी अदिस अबाबात आफ्रिकी ऐक्य संघटना स्थापन झाली. पण मे अखेरीस इथे परीक्षा, सुट्ट्या आणि उकाडा. आमचा मोठा मेळा म्हणून डिसेंबरात असतो. ९ तारखेला टांझानियाचा स्वातंत्र्यदिन, १२ ला केनियाचा, आणि संध्याकाळी शाल घेऊन बाहेर बसता येतं. इथिओपियाचं नवं वर्ष बहुधा ११ सप्टेंबरला येतं, ते छोटेखानी, कॉफी भाजून. हिरव्या बिया तव्यावर भाजायच्या, धूर सगळ्यांच्या नाकापाशी फिरवायचा, एकामागून एक तीन कप द्यायचे. घाई असलेल्यांनी येऊ नये.

मंचावर नाच ठेवण्याआधी चूल पेटवा. शेजारच्यांना आत आणायला याहून सोपी वाट मला सापडलेली नाही. आपली ज्वारी मुळची सुदानकडची. बाजरी सहाराच्या दक्षिण काठची, नाचणी पूर्व आफ्रिकेच्या डोंगराळ भागातली, चवळीही तिकडचीच. हजारो वर्षांपूर्वी ही धान्यं समुद्र ओलांडून आली आणि इथली होऊन गेली. सुदानी मुलं ज्वारीचं पीठ आंबवून किसरा करतात, घावनाहून पातळ. त्याच पिठाची असिदा म्हणजे घट्ट उकडच. पहिल्या मेळ्यात समोरच्या चाळीतल्या आजी किसऱ्याचा तुकडा तोंडात टाकून म्हणाल्या, ‘आंबील सांडली वाटतं तव्यावर.’ मग पदर खोचून भाकरी थापायला बसल्या, आणि सुदानी मुलांचं व्हिडिओ काढणं काही थांबेना.

शाकाहारी शेजारी असतील तर इथिओपियाच्या मुलांना पुढे करा. ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोक बुधवार-शुक्रवार उपास करतात आणि त्या दिवशी मांसच काय, दूध-तूपही चालत नाही. त्यांचं शिरो म्हणजे डाळीच्या पिठाचं झणझणीत पिठलं. इंजेरा म्हणजे त्यांचं आंबवलेलं धिरडं. त्याला लागणारं टेफ हे धान्य इथे सहज मिळत नाही, नाचणी-ज्वारीच्या मिश्रणावर भागवतात. नायजेरियाच्या एगुसीला, म्हणजे बियांच्या कुटाच्या घट्ट रश्शाला, आपला मगज चालतो. ज्या कंदाचा साबुदाणा होतो त्याच कंदाची गारी, म्हणजे रवाळ भरड, होते. स्वयंपाकाच्या केळ्यांसाठी राजेळी शोधा. किराणावाल्याला ही यादी मराठीत लिहून द्या, पुढच्या वेळी तो स्वतःच फोन करतो.

पायरी ९: इथला जुना धागा दाखवा, पण जपून

इथिओपियात जन्मून गुलाम म्हणून विकला गेलेला मलिक अंबर दख्खनमध्ये निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला. त्यानं १६१० मध्ये खडकी वसवली, तेच आजचं छत्रपती संभाजीनगर. १६२४ ला भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूनं लढले. १६२६ मध्ये तो वारला. खुलताबादला त्याची कबर आहे. आम्ही दर वर्षी एक बस तिकडे नेतो. जंजिऱ्याचे सिद्दी आपल्याला शाळेपासून ठाऊक असतात, पण उत्तर कन्नडमधले सिद्दी आजही कोकणी-मराठी बोलतात हे पुण्यातल्या फार थोड्यांना माहीत असतं.

पहिल्या सहलीत आमच्या मार्गदर्शकानं उत्साहात पाच वेळा ‘हबशी’ म्हटलं. ऐतिहासिक कागदांत तो शब्द आहे, हे खरं. पण ज्याला रस्त्यात तोच शब्द शिवीसारखा ऐकावा लागतो त्याला संदर्भ कोण समजावणार? आता आम्ही बसमध्येच आधी सांगतो की हा शब्द कुठून आला आणि आज का वापरायचा नाही. आणि कबरीपाशी गर्वाचं भाषण करत नाही. घानाची एक मुलगी तिथे बराच वेळ बसून राहिली, मग म्हणाली, ‘त्याची आई कुठे राहिली, ते कुठे लिहिलंय का?’ मार्गदर्शकाकडे उत्तर नव्हतं.

पायरी १०: किल्ली कुणाकडे

मुलं तीन-चार वर्षांनी निघून जातात, म्हणून सगळं आपल्याच हातात ठेवायचा मोह होतो. आमच्याकडे दोन किल्ल्या आहेत. एक माझ्याकडे, दुसरी समितीच्या अध्यक्षाकडे, आणि दर जुलैत ती नव्या अध्यक्षाला देताना जुन्यानं तासभर बसून कपाट, वही, कॅलेंडर समजावून सांगायचं. यंदा ती टांझानियाच्या मुलीकडे आहे. गाडी, पैसे, लाख, चपाती या आपल्या शब्दांचे भाऊबंद स्वाहिलीत आहेत असा शोध लावून ती मावशींना रोज दोन शब्द शिकवते. मंगळवारी मी पोचते तेव्हा दार उघडलेलं असतं आणि प्रिंटर आधीच तापलेला असतो.